उष्टी ताटं

शनिवारची सकाळ, दुसरा चहा, आणि बायको-मुलगी बाहेर गेलेत. म्हणजे लिहायला हरकत नाही. आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण मंडळी, थोडा धीर धरा. विषय आहे 'न पुसलेल्या पाटीचा'. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात जी फाइलसिस्टीम असते, तिनं डिस्कवर काहीतरी लिहायचं, पण लिहिण्याआधी ती जागा साफ करायला विसरायचं, या एका साध्या चुकीचा इतिहास.

या विषयात मी पडलो तो २००८ साली, आणि तो काही वाचनाच्या आवडीमुळे नाही. तेव्हा मी पुण्यातल्या एका स्टोरेज कंपनीत होतो (नाव राहू दे). आमच्या प्रॉडक्टची नवी आवृत्ती गेली आणि तिसऱ्या दिवशी रात्री एका ग्राहकाचा व्हॉल्यूम माउंटच होईना. एरर असा की "हा व्हॉल्यूम नव्या रचनेचा आहे, पण नव्या रचनेच्या खुणा सापडत नाहीत". व्हॉल्यूम तर तीन वर्षं जुना! नव्या रचनेचा कुठून असणार?

रात्री दीड वाजता हेक्स डंप मागवला. आमच्या डिस्कवरच्या एका रेकॉर्डमधे आठ बाइट 'राखीव' म्हणून सोडलेले होते, पुढेमागे लागतील म्हणून. नव्या आवृत्तीत आम्ही त्यातला अगदी पहिला बिट वापरायला घेतला होता. तो शून्य असेल तर जुनी रचना, एक असेल तर नवी. आता जुन्या व्हॉल्यूममधे ते आठही बाइट शून्य असायला हवेत ना? डंपमधे मात्र चक्क अक्षरं होती. स्लॅश, होम, स्लॅश, आणि पुढे कुणाच्या तरी नावाची पहिली दोन अक्षरं. बरोब्बर आठ बाइट. स्लॅशचा आस्की कोड सत्तेचाळीस. विषम. म्हणजे शेवटचा बिट एक. म्हणजे 'नवी रचना'.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच टीममधल्या कुणीतरी ते रेकॉर्ड मेमरीत तयार केलं, हवी ती फील्ड्स भरली, राखीव जागा तशीच सोडली आणि सगळं डिस्कवर लिहून टाकलं. मेमरीच्या त्या तुकड्यात आधी कुण्या युजरच्या फाइलचा पत्ता होता, तो तसाच डिस्कवर गेला आणि तीन वर्षं शांत बसून राहिला.

आमच्या टेस्टिंगमधे हे कधीच का आलं नाही? कारण टेस्टची मशिन्स रोज रीबूट व्हायची. नुकत्याच सुरू झालेल्या मशिनची मेमरी बरीचशी कोरी असते, त्यामुळे विसरलात तरी शून्यच मिळतं. ग्राहकाचं मशिन महिनोन् महिने चालू असतं. तिथली मेमरी म्हणजे शंभर जणांनी जेवलेलं ताट.

हे ताटाचं उदाहरण मला तेव्हाच सुचलं. विद्यार्थीदशेत मेसमधे जेवलेल्या कुणालाही समजेल असं आहे. मेमरी ही काही प्रत्येकाला नवीन मिळत नाही. एकाचं जेवण झालं की तेच ताट दुसऱ्याला. मधे कुणीतरी ते धुवायला हवं. आता प्रश्न असा, की धुवायचं कुणी आणि कधी? ताट परत ठेवताना, की पुढच्याला देताना? की पुढचा म्हणाला "मी पूर्ण ताट भरूनच घेणार आहे, धुवायची गरज नाही" तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा? गेल्या पन्नास वर्षांतल्या या चुका शेवटी याच तीन प्रश्नांपाशी येतात. त्यात सी भाषेचा दंडक असा की लोकल व्हेरिएबलमधे सुरुवातीला काय असेल याची काहीही हमी नाही. मॅलॉक करून घेतलेल्या मेमरीतही नाही. धुणं ही ज्याची त्याची जबाबदारी.

सुरुवातीची माणसं मात्र याबाबतीत फार स्वच्छ होती. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड आजही वाचायला मिळतो, आणि जॉन लायन्स या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकानं त्यावर लिहिलेलं भाष्य तर आमच्या धंद्यातली ज्ञानेश्वरीच म्हणायला हरकत नाही. त्यात डिस्कवरचा मोकळा ब्लॉक शोधून देणारं 'अलॉक' नावाचं फंक्शन आहे. ते ब्लॉक शोधतं, त्याच्यासाठी बफर घेतं, आणि हातात देण्याआधी 'क्लियर-बफ'ला बोलावतं. क्लियर-बफ काय करतं? २५६ वेळा फिरतं आणि दर वेळी एका वर्डमधे शून्य टाकतं. वर्ड दोन बाइटचा, म्हणजे ५१२ बाइटचा ब्लॉक स्वच्छ. पुढचा माणूस अख्खा ब्लॉक भरणार असला तरी आधी धुवूनच देणार! थोडी उधळपट्टी, पण विषय संपला.

डिरेक्टरीचंही तसंच. त्या काळी डिरेक्टरीतली एक नोंद म्हणजे मोजून १६ बाइट. दोन बाइट आयनोडचा नंबर, चौदा बाइट नाव. नाव छोटं असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची. मधे फट राहायला वावच नाही.

याच काळात दुसरीकडे एक मजेशीर प्रकार चालू होता. गॅरी किल्डॉलच्या सीपी-एममधे डिरेक्टरीतली रिकामी नोंद ओळखायची खूण होती ई-पाच, म्हणजे दशमानात २२९. हा चमत्कारिक आकडा का? तर त्या वेळच्या आठ इंची फ्लॉपीज आयबीएमच्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन यायच्या आणि त्या पद्धतीत सगळीकडे ई-पाच भरलेलं असायचं. किल्डॉलनं ठरवलं की यालाच 'रिकामं' म्हणू. झालं! नवीन फ्लॉपी खोक्यातून काढली की ती आपोआप रिकामी फाइलसिस्टीम. काही पुसायला नको, काही भरायला नको. पुढे डॉसनंही खोडलेल्या फाइलची खूण म्हणून ई-पाचच ठेवलं. डॉसमधे फाइल डिलीट केली की नावाचं पहिलं अक्षर जातं ना, ते याच आकड्याखाली गाडलं जातं. धुणं टाळण्याचा याहून हुशार मार्ग मी तरी पाहिलेला नाही.

असो. मूळ गाडीवर येऊ.

१९८३ साली बर्कलीहून ४.२ बीएसडी आलं आणि सोबत त्यांची नवी 'फास्ट फाइल सिस्टीम' आली. मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री या चौघांचं काम. नावाप्रमाणे खरंच फास्ट. तिच्यात फाइलचं नाव १४ अक्षरांऐवजी २५५ अक्षरांपर्यंत लांबवता येऊ लागलं. आता प्रत्येक नोंदीला २५५ बाइट देणं परवडणार नाही, म्हणून नोंदीची लांबी नावाप्रमाणे कमीजास्त होऊ लागली. फक्त एक नियम, की नोंद चारच्या पटीत संपली पाहिजे. म्हणजे नाव संपल्यावर शेवटी कधी एक, कधी दोन, कधी तीन बाइट उरणार. या उरलेल्या बाइटांना काहीच अर्थ नाही. कुणी वाचत नाही, कुणी विचारत नाही. हे तीन बाइट लक्षात ठेवा, नंतर लागतील.

योगायोग बघा, त्याच १९८३ मधे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं सुरक्षित कॉम्प्युटर कसा असावा याचं ते प्रसिद्ध 'ऑरेंज बुक' काढलं (१९८५ मधे सुधारून पुन्हा काढलं). त्यात सी-२ या वर्गापासून पुढे एक अट होती, तिला 'ऑब्जेक्ट रीयूज' म्हणत. मेमरी असो, डिस्कचा ब्लॉक असो, एकाकडून दुसऱ्याकडे जाताना आधीच्याचं काहीही त्यात राहता कामा नये. थोडक्यात, ताट धुवा. म्हणजे हा धोका माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये. सरकारी कागदावर लेखी होता!

आता लिनक्स. ईएक्सटी२ ही फाइलसिस्टीम १९९३ ची. रेमी कार, टेड त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची. २.२ कर्नलच्या काळापर्यंत तिचाही खाक्या जुन्या युनिक्ससारखाच होता. नवा ब्लॉक देणारं फंक्शन तो शून्य करूनच द्यायचं. मग २.४ च्या काळात डिरेक्टरीचा कोड पेज कॅशवर हलवण्यात आला. कारण रास्त होतं. फाइलींचा मजकूर एका कॅशमधे आणि डिरेक्टऱ्या दुसऱ्या कॅशमधे, हे द्वैत संपवायचं होतं. कोड स्वच्छ झाला, वेगवान झाला. पण धुण्याची जबाबदारी हळूच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकली, आणि सरकारी ऑफिसात फाइलचं होतं तेच झालं.

हे जरा नीट सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. नव्या पद्धतीत लिहिण्याआधी 'प्रिपेअर-राइट' नावाच्या फंक्शनला सांगायचं असतं, की मी या पानावर इथपासून इथपर्यंत लिहिणार आहे. ते फंक्शन हुशार आहे. नवा ब्लॉक असेल तर तुम्ही सांगितलेल्या पट्ट्याच्या *बाहेरचा* भाग ते शून्य करतं. आतला भाग कशाला करायचा, तुम्ही तो भरणारच आहात ना? उगाच दोनदा लिहिणं कशाला? अगदी वाजवी करार.

आता 'मेकडिर' केल्यावर काय होतं बघा. नवी डिरेक्टरी रिकामी असली तरी तिच्यात दोन नोंदी असतात, एक टिंब आणि दोन टिंबं. एक स्वतःची, एक आईबापाची. प्रत्येकी बारा बाइटमधे बसतात. दुसऱ्या नोंदीची लांबी मात्र 'ब्लॉकच्या शेवटपर्यंत' अशी लिहून ठेवतात, म्हणजे उरलेली सगळी जागा तिच्या नावावर. हे करणारं फंक्शन म्हणजे 'ईएक्सटी२ मेक एम्प्टी'. ते प्रिपेअर-राइटला सांगायचं की मी शून्यापासून ब्लॉकच्या शेवटापर्यंत सगळं लिहिणार आहे. प्रिपेअर-राइट म्हणायचं, ठीक आहे, मग मी काहीच पुसत नाही. आणि मग हे महाशय लिहायचे फक्त चोवीस बाइट.

४०९६ उणे २४ म्हणजे ४०७२. एका नव्या, रिकाम्या डिरेक्टरीच्या पोटात ४०७२ बाइट कुणाचंतरी उष्टं. ते पान आधी कुणाकडे होतं त्यावर काय मिळणार ते ठरणार. एखाद्याच्या पत्राचा तुकडा, पासवर्ड, एखादी खाजगी की. डिरेक्टरी उघडून पाहिलीत तर काही दिसणार नाही, कारण 'एलएस' फक्त नोंदी दाखवतो. पण ब्लॉक थेट वाचला की सगळं समोर. आणि ब्लॉक थेट वाचायला दरवेळी रूटच असावं लागतं असंही नाही. स्वतःचा यूएसबी स्टिक लावायचा, त्यावर शंभर डिरेक्टऱ्या करायच्या, स्टिक काढून घरी न्यायचा. बस. त्याहून वाईट म्हणजे, ईएक्सटी२ ची इमेज बनवून जगाला वाटणारे कितीतरी लोक होते. ज्या मशिनवर ती इमेज बनली त्याच्या मेमरीचे तुकडे त्यांनी स्वतःच्या हातानं वाटले असणार, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसणार.

या कोडमधली मला सगळ्यात आवडलेली (किंवा सगळ्यात टोचलेली म्हणा) गोष्ट सांगतो. एका टिंबाचं नाव म्हणजे एकच अक्षर. नोंद चारच्या पटीत नेण्यासाठी तीन बाइट उरतात. लिहिणाऱ्यानं ते तीन बाइट आठवणीनं शून्य केलेत! टिंब कॉपी करताना चार बाइट कॉपी केलेत, टिंबापुढे तीन शून्यं. दोन टिंबांच्या वेळीही तसंच. म्हणजे माणूस निष्काळजी नव्हता. तीन बाइटांची फट त्याला दिसली, आणि लगेच पुढची चार हजार बाइटांची दरी दिसली नाही. मी हे वाचलं तेव्हा हसलो नाही. आमच्या त्या राखीव फील्डच्या वरचं फील्ड आम्हीही असंच काळजीपूर्वक भरलं होतं.

हा बग सीव्हीई-२००५-०४०० म्हणून नोंदला गेला आणि मार्च २००५ मधे २.६.११.६ या आवृत्तीत दुरुस्त झाला. दुरुस्ती किती मोठी? एक ओळ. दोन नोंदी लिहिण्याआधी सगळा ब्लॉक मेमसेटनं शून्य करायचा. (२.६.११ हीच ती आवृत्ती जिच्यापासून असले छोटे पण महत्त्वाचे पॅच वेगळ्या 'स्टेबल' मालिकेतून देण्याची पद्धत सुरू झाली. पद्धत महिन्याभराची असतानाच आमचा हा बग तिला पावला.)

ईएक्सटी३ ला हा त्रास नव्हता, कारण तिथला कोड नवा ब्लॉक मिळाला की तो शून्य करून घेत असे, जुन्या वळणानं. पण ईएक्सटी३ ची स्वतःची वेगळी भानगड आदल्याच वर्षी निघाली होती. ही जर्नल ठेवणारी फाइलसिस्टीम. आपल्या वाण्याच्या कच्च्या वहीसारखं, आधी जर्नलमधे लिहायचं, मग पक्क्या जागी. कच्च्या वहीत प्रत्येक व्यवहाराच्या आधी एक 'डिस्क्रिप्टर' ब्लॉक असतो, पुढे कोणकोणते ब्लॉक येणार त्याची यादी. यादी छोटी असली की ब्लॉकचा बाकीचा भाग मोकळा. त्या मोकळ्या भागात काय? बरोबर ओळखलंत. सोलर डिझायनर या टोपणनावानं प्रसिद्ध असलेल्या सुरक्षातज्ज्ञानं ते शोधलं, टेड त्सोनं दुरुस्त केलं, आणि एप्रिल २००४ च्या २.४.२६ मधे ते आलं. त्याच सुमारास एक्सएफएस आणि जेएफएस या दोघींतही अशाच जातीची गळती नोंदली गेली. म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्समधे जन्मलेली एक, आयबीएममधे जन्मलेली दुसरी, आणि लिनक्समधेच जन्मलेली तिसरी. तिघींची चूक एकच. त्यामुळे "मोठ्या कंपन्यांत प्रोसेस असते, तिथे असं होत नाही" हे मी तेव्हापासून ऐकून घेणं बंद केलंय.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते विषयाला धरूनच आहे. आत्तापर्यंत मेमरीतलं शिळं डिस्कवर कसं जातं ते पाहिलं. डिस्कवरचं शिळं तुमच्या फाइलमधे येणं हा त्याचा चुलतभाऊ. समजा फाइल वाढवली, फाइलसिस्टीमनं नवा ब्लॉक दिला, 'हा ब्लॉक या फाइलचा' असं डिस्कवर लिहिलं, आणि मजकूर लिहायच्या आत लाइट गेली. (महावितरणची कृपा.) लाइट आल्यावर फाइल उघडली की त्या ब्लॉकमधे आधीच्या कुणीतरी डिलीट केलेल्या फाइलचा मजकूर! ईएक्सटी३ मधे 'ऑर्डर्ड' नावाचा जो मोड होता, तो यासाठीच. आधी मजकूर डिस्कवर, मगच मालकी हक्काची नोंद. यानं वेग थोडा कमी होतो म्हणून लोक कुरकुर करत आणि 'राइटबॅक' लावत.

एक्सएफएसनं वेगळा मार्ग काढला. दिलेल्या पण अजून न लिहिलेल्या जागेवर खूण करून ठेवायची, आणि कुणी वाचायला आलंच तर डिस्क न वाचता सरळ शून्यं द्यायची. ईएक्सटी४ नंही तेच घेतलं. तिथे सलग ब्लॉकांच्या पट्ट्याची लांबी लिहायला सोळा बिट असतात, त्यातला सगळ्यात वरचा बिट 'यात अजून काही लिहिलेलं नाही' या खुणेसाठी राबवला. म्हणून भरलेला पट्टा ३२,७६८ ब्लॉकांपर्यंत असू शकतो आणि न भरलेला ३२,७६७ पर्यंत. या पट्ट्यांना आधी कोडमधे 'अनइनिशियलाइज्ड' म्हणत. २०१४ मधे ते नाव बदलून सगळीकडे 'अनरिटन' केलं. नुसता नावाचा बदल, पण मला तो फार योग्य वाटतो. अनइनिशियलाइज्ड म्हणजे 'आत काय आहे देव जाणे'. अनरिटन म्हणजे 'आत काय आहे ते मला पक्कं माहीत आहे, काहीही नाही'.

एनटीएफएसमधेही असंच आहे. फाइलची लांबी वेगळी आणि 'इथपर्यंतचा मजकूर खरा' ही हद्द वेगळी. हद्दीपलीकडे शून्यं. एक्सपीपासून ही हद्द न लिहिता पुढे सरकवण्याची सोय आली, पण त्यासाठी खास परवानगी लागते, कारण त्यातून दुसऱ्याचं शिळं दिसू शकतं. थोडक्यात, माणसं शहाणी झाली होती असं वाटावं.

आणि मग २०१७. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या मातेउश युर्चिक यानं अख्खं विंडोज एका एम्युलेटरवर चालवलं, आणि कर्नलच्या मेमरीतला न भरलेला प्रत्येक बाइट कुठे कुठे जातो त्याचा माग काढला. ढिगानं बग सापडले, त्यातला एक सीव्हीई-२०१७-११८१७. एनटीएफएसच्या लॉगफाइलमधे, म्हणजे तिच्या कच्च्या वहीत, कर्नलची न पुसलेली मेमरी लिहिली जात होती. तेही व्हॉल्यूम माउंट होताना. एनटीएफएसचा यूएसबी स्टिक नुसता लावला, काही कॉपी केलं नाही, काही उघडलं नाही, तरी त्यावर मशिनच्या मेमरीचा तुकडा उमटणार. ऑक्टोबर २०१७ मधे दुरुस्त झालं. २००४ साली ईएक्सटी३ च्या जर्नलमधे जे झालं तेच, तेरा वर्षांनी, रस्त्याच्या पलीकडच्या बंगल्यात.

२०१९ हे वर्ष तर योगायोगांचंच. मे महिन्यात ईएक्सटी४ मधे सीव्हीई-२०१९-११८३३. पट्ट्यांची यादी एका ब्लॉकमधे मावेनाशी झाली की नवा ब्लॉक घेऊन यादी फोडतात. त्या नव्या ब्लॉकचा न वापरलेला भाग पुसलेला नव्हता. २००५ च्या बगचं अगदी जुळं भावंड, त्याच घराण्यात, नातवाच्या पिढीत.

जुलैमधे फ्रीबीएसडीची सूचना आली. सीव्हीई-२०१९-५६०१. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले तीन बाइट आठवतात? नाव संपल्यावर उरलेले? नोंद स्टॅकवर तयार व्हायची, नाव कॉपी व्हायचं, आणि पुढचे एक ते तीन बाइट स्टॅकवर आधी जे असेल ते घेऊन डिस्कवर जायचे. डिरेक्टरी वाचायची परवानगी असलेला कुणीही ते पाहू शकत होता. तीन बाइटात काय होणार म्हणाल, तर फाइली हव्या तितक्या बनवता येतात. तीन-तीन करत बरंच जमतं.

म्हणजे लिनक्सवाल्यांनी तीन बाइट पुसले आणि चार हजार विसरले, बीएसडीवाल्यांनी चार हजारांची काळजी घेतली आणि तीन विसरले. कुणी कुणाला हसायचं?

एवढी वर्षं हे सापडत का नाही, याचं माझं उत्तर असं की या बगनं काहीच बिघडत नाही. सिस्टीम क्रॅश होत नाही, फाइल हरवत नाही, एफएसचेक चालवलं तर सगळं आलबेल. जो भाग कुणी वाचतच नाही त्यातला केर दिसणार कुणाला? तो शोधायला मुद्दाम तसली हत्यारं लागतात. साध्या प्रोग्रॅमसाठी व्हॅलग्रिंड २००२ पासून होतं. ते मेमरीच्या प्रत्येक बिटाशेजारी एक सावली-बिट ठेवतं, 'हा भरलाय की नाही' सांगणारा. कर्नलसाठी हे करणं अवघड. २००९ मधे २.६.३१ कर्नलमधे केमेमचेक आलं, पण ते इतकं संथ की चालवताना एकच सीपीयू वापरायचं. शेवटी ते काढून टाकलं. मग केएमसॅन आलं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मधे ते मुख्य कर्नलमधे शिरलं. डेटा कर्नलबाहेर जाणाऱ्या वाटांवर ते नाकाबंदी करून उभं राहतं, आणि न भरलेला बाइट सापडला की तो मुळात कुठे घेतला होता ते सांगतं. रात्री दीड वाजता मला असलं काही मिळालं असतं तर...

दुसरा पंथ म्हणतो, शोधत कशाला बसता, सगळीच ताटं धुवा. सप्टेंबर २०१९ च्या ५.३ कर्नलमधे 'इनिट ऑन अलॉक' आलं. ते चालू केलं की कुणी मेमरी मागितली की शून्य करूनच मिळते. जोडीला 'इनिट ऑन फ्री'ही आहे, परत करतानाच पुसणारं. स्टॅकवरच्या व्हेरिएबलसाठी कंपायलरनंच शून्य भरावं अशी सोय क्लँगमधे आधी आली, जीसीसीत २०२२ साली १२ व्या आवृत्तीत. क्लँगमधल्या सोयीची कथा मजेशीर आहे. तिथल्या काही मंडळींचं म्हणणं होतं की आपोआप शून्य मिळालं तर लोक त्यावर विसंबतील आणि सी भाषेची वेगळीच बोली तयार होईल. म्हणून शून्य भरायचं असेल तर आणखी एक लांबलचक ऑप्शन द्यावा लागे, ज्याच्या नावातच 'हे क्लँगमधून काढून टाकलं जाणार आहे हे मला माहीत आहे' असं लिहिलेलं होतं! रजेच्या अर्जावर "रजा मिळणार नाही याची कल्पना आहे" लिहून घेण्यासारखं. काढलं तर नाहीच, २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत तो ऑप्शनच अनावश्यक ठरवला. म्हणजे फिरून आपण १९७५ च्या क्लियर-बफपाशी आलो. मधली सगळी वर्षं आपण ते २५६ फेरे वाचवत होतो.

मी स्वतः सगळं धुवा पंथाचा. शून्य भरल्यानं काही खरे बग झाकले जातात हे मान्य आहे, आमचाही झाकला गेला असता. पण झाकलेल्या बगनं एखादवेळी चुकीचं उत्तर येईल, तर न झाकलेल्यानं कुण्या तिसऱ्याच माणसाची गोष्ट बाहेर जाते. आणि त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

राहिली आमची त्या रात्रीची गोष्ट. कोडमधे मेमसेटची एक ओळ टाकायला दोन मिनिटं लागली. पण त्याचा उपयोग पुढे बनणाऱ्या व्हॉल्यूम्सना. तीन वर्षांत जे व्हॉल्यूम बनून जगभर गेले होते, त्यांच्या राखीव जागेत काय असेल ते आम्हाला कसं कळणार? तो बिट कायमचा विटाळला होता. मग ठरलं असं, की जुन्या आवृत्तीचा व्हॉल्यूम दिसला तर त्या आठ बाइटांकडे बघायचंच नाही, आधी ते शून्य करायचे, मग आवृत्तीचा आकडा वाढवायचा, आणि त्यानंतरच त्या बिटावर विश्वास ठेवायचा. या क्रमात मधेच लाइट गेली तर काय, यावर आम्ही चौघं पहाटे पाचपर्यंत फळ्यावर भांडलो. पॅच एका ओळीचा आणि अपग्रेडचा कोड चारशे ओळींचा!

फ्रीबीएसडीवाल्यांनाही हेच करावं लागलं. कर्नलची दुरुस्ती छोटीशी. पण आधीच डिस्कवर गेलेले बाइट कर्नल बदलून थोडेच जाणार? म्हणून त्यांनी एफएसचेकला एक नवा झेड ऑप्शन जोडला. तो डिरेक्टऱ्यांमधली सगळी न वापरलेली जागा पुसतो, नावांपुढचे ते तीन बाइटही आणि खोडलेल्या फाइलींची नावंही.

आमच्या त्या ग्राहकाचा व्हॉल्यूम सकाळी सात वाजता माउंट झाला. सगळा डेटा शाबूत. हेक्स डंपची ती प्रिंट मी फाडून टाकली. ती दोन अक्षरं कुणाच्या नावाची होती ते आम्ही शोधलं नाही.